वय दिसत नाही म्हणून परत पाठवलेला उमेदवार

१८७५ च्या पावसाळ्यात कोकणातल्या मुरूड गावची काही मुले साताऱ्याला पायी निघाली. अंतर शंभर मैलांहून अधिक. त्यांना मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झाली की प्राथमिक शिक्षकाची किंवा कचेरीतली छोटी नोकरी मिळे. एरवी ही मुले समुद्रमार्गे मुंबईला गेली असती, पण हवा बिघडल्याने तो मार्ग बंद झाला होता. कुंभार्ली घाट चढून ती चौथ्या दिवशी साताऱ्यात पोचली आणि परीक्षा समितीपुढे नाव नोंदवायला उभी राहिली. त्यांतल्या एकाने सतरावे वर्ष पूर्ण केले होते. नियमाला सतराच लागत होती आणि शाळेचा दाखलाही त्याच्याजवळ होता. पण तो अंगाने किरकोळ होता. समितीच्या अध्यक्षांना तो सतरा वर्षांचा वाटेना. दाखल्यापेक्षा त्यांनी स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवला आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही. मुलगा आला तसा चालत मुरूडला परत गेला.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न झालेले. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण या दोन कामांसाठी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आजच्या लेखात त्यांचे आयुष्य थोड्या वेगळ्या बाजूने पाहू. प्रवेश परीक्षा म्हणजे नेमके काय मोजणे, आणि ती कोणाला आत घेते व कोणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न कर्व्यांच्या आयुष्यात तीनदा आला. एकदा परीक्षार्थी म्हणून, एकदा गणिताचे शिक्षक म्हणून आणि एकदा स्वतः प्रवेश परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचे संस्थापक म्हणून. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या घरांत सध्या नीटची तयारी चालू आहे, त्या घरांनाही हा प्रश्न परका नाही.

मोजमाप आणि माणूस

आधी साताऱ्याच्या प्रसंगाकडे डॉक्टरच्या नजरेने बघू. परीक्षेचा हेतू होता मुलाला मराठी, हिशेब वगैरे किती येते हे पाहण्याचा. त्याला परत पाठवले ते मात्र त्याच्या शरीरयष्टीमुळे. ज्ञानाची पारख झालीच नाही. मोजायचे होते एक आणि निर्णय झाला दुसऱ्याच गोष्टीवर.

मोजमापाच्या शास्त्रात दोन शब्द नेहमी जोडीने येतात, विश्वसनीयता आणि वैधता. पुन्हा पुन्हा मोजले तरी तेच उत्तर येते का, ही विश्वसनीयता. जे मोजायचे म्हणतो तेच मोजले जाते का, ही वैधता. रक्तदाबाचे उदाहरण घ्या. जाड दंडाच्या माणसाला लहान पट्टा बांधला तर दाब खऱ्यापेक्षा जास्त येतो. दहा वेळा मोजा, दहाही वेळा जास्तच येईल. आकडा स्थिर आहे, म्हणून तो विश्वसनीय वाटतो. पण तो खरा नाही आणि त्यावर गोळी सुरू केली तर नुकसान रुग्णाचे.

तिसरी गोष्ट न्याय्यतेची. एकच यंत्र सगळ्यांना सारखेच खरे उत्तर देते का? बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनाच्या काळात घरोघरी पोचले. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवून दिले, की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरलेला असूनही यंत्र ठीक आकडा दाखवते, असे गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट वेळा घडते. यंत्र मुद्दाम भेदभाव करत नव्हते. त्वचेच्या रंगामुळे प्रकाश वेगळ्या रीतीने शोषला जातो, आणि यंत्र घडवताना त्याचा पुरेसा विचार झाला नव्हता. परीक्षाही एक यंत्रच आहे. ती कोणाला समोर ठेवून घडवली, हे विचारावेच लागते.

उशिरा झालेले मॅट्रिक

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवली या आजोळी. घर मुरूडला, परिस्थिती बेताची. साताऱ्याहून परतल्यावर त्यांनी परीक्षेचा नाद सोडला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते तीच परीक्षा पास झाले. मग इंग्रजी शिक्षणाची धडपड सुरू झाली. मुरूड, रत्नागिरी, मुंबई असा प्रवास करत ते १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि त्यांचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले.

आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी अनेक वर्षांचा गॅप घेतला. त्यामागे क्लास लावणे नव्हते, गरिबी आणि गावात इंग्रजी शाळा नसणे होते. मॅट्रिकच्या परीक्षेने त्यांना हे विचारले नाही, की तू कुठून आलास आणि इथवर यायला तुला किती वर्षे लागली. एका अर्थी हा परीक्षेचा गुण आहे. छापील प्रश्नपत्रिका चेहरा, वय, जात, शिफारसपत्र पाहत नाही. साताऱ्याच्या अध्यक्षांची नजर आणि मॅट्रिकची प्रश्नपत्रिका यांत निवड करायची झाली तर शहाणा माणूस प्रश्नपत्रिकाच निवडेल. जगभर प्रमाणित परीक्षा रुजल्या त्यामागे वशिल्याला पर्याय हवा होता, हे एक मोठे कारण आहे.

पण प्रश्नपत्रिका कोणाचा चेहरा पाहत नाही म्हणून ती सगळ्यांना सारखी सोपी किंवा अवघड असते, असे मात्र नाही. त्याची जाणीव कर्व्यांना पुढच्या पस्तीस वर्षांत होत गेली.

गणिताचे मास्तर

मुंबईत शाळांमधून आणि शिकवण्या करून कर्वे संसार चालवत होते. त्याच काळात त्यांनी नात्यातल्या एका हुशार मुलाला शिक्षणासाठी कोकणातून आपल्याकडे आणले. त्याचे नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हाच मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला. तो मान त्याला आणखी एका विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता. पहिला भारतीय सीनियर रँग्लर म्हणून महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतले. परांजप्यांची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. पण मुर्डीसारख्या खेड्यातल्या त्या बुद्धीला परीक्षेपर्यंत पोचवायला मुंबईतले एक घर लागले. गुणपत्रिकेवर त्या घराचा उल्लेख नसतो.

या रँग्लरपदाची पुढची हकीकत कमी लोकांना माहीत असते. केंब्रिजमध्येच त्या क्रमवारीवर टीका सुरू होती. मुले खाजगी शिकवणी लावून ठरावीक धाटणीची अवघड गणिते वेगाने सोडवण्याचा सराव करतात आणि त्यातून चांगले गणिती तयार होतीलच असे नाही, हा आक्षेप होता. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीला सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळाले, पण स्त्री असल्याने तिला ती पदवी मिळाली नाही. १९०९ नंतर केंब्रिजने ही क्रमवारी जाहीर करणेच बंद केले.

त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी परीक्षांतल्या नशिबाच्या वाट्याचा अभ्यास केला. १८८८ आणि १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत भारताच्या सनदी सेवेच्या परीक्षेचेही उदाहरण आहे. उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांच्या सीमारेषेजवळचे बरेच उमेदवार दुसरा परीक्षक असता तर रेषेच्या पलीकडे गेले असते, हे त्यांनी गणिताने दाखवले. १९३५ मध्ये फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी त्याची प्रत्यक्ष चाचणी घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांना तपासायला दिल्या आणि वर्षभराहून अधिक काळाने त्याच पुन्हा दिल्या. २१० निकालांपैकी ९२ निकाल त्याच परीक्षकांनी दुसऱ्या वेळी बदलले. हे हार्टॉग ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. भारतातल्या शिक्षणाचा १९२९ चा सरकारी अहवालही त्यांच्याच समितीचा.

आपल्या नीटमध्ये परीक्षक नसतो, संगणक गुण देतो. त्यामुळे तपासणीतली ही लहर गेली. पण ७२० पैकी दोन-चार गुणांच्या फरकावर एकाला सरकारी महाविद्यालय आणि दुसऱ्याला आणखी एक वर्ष क्लास, असे होते तेव्हा त्या दोघांत खरोखर फरक आहे का, हा एजवर्थ यांचा प्रश्न शिल्लक राहतोच. प्रयोगशाळेतून हिमोग्लोबिन ११.९ आणि १२.० असे दोन अहवाल आले तर कोणताही डॉक्टर दोन रुग्णांना दोन वेगळे आजार ठरवत नाही.

हिंगण्याच्या मुली

१८९१ मध्ये कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावले. टिळक तिथून बाहेर पडल्याने ती जागा रिकामी होती. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या विद्यार्थिनी. विवाहानंतर मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो पुढे पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि मग मैलोन्‌मैल चालत हिंगण्याला जात.

आश्रमात आलेल्या स्त्रिया अठरा, वीस, पंचवीस वर्षांच्या असत. कोणाला अक्षरओळख होती, कोणाला तीही नव्हती. त्यांच्यासमोर शिक्षणाचा रस्ता कोणता होता? मराठी इयत्ता संपवायच्या, मग इंग्रजीच्या सात इयत्ता, मग मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, तीही इंग्रजी माध्यमातून. गणित येत असेल तरी ते इंग्रजीत मांडता यायला हवे. इतिहास समजला असेल तरी उत्तर इंग्रजीत लिहायला हवे. म्हणजे मॅट्रिकचा प्रत्येक पेपर त्या त्या विषयाबरोबर इंग्रजीचाही पेपर होता. मुलगी इतिहासात नापास झाली तर तिला इतिहास येत नव्हता की इंग्रजी, हे निकालावरून कळायला मार्ग नव्हता.

आजचे परीक्षाशास्त्र नेमके हेच सांगते. ज्या कौशल्याची चाचणी घ्यायची नाही, त्याच कौशल्याच्या अभावाने गुण कापले जात असतील तर चाचणीची वैधता तेवढी घटली. हा विचार शास्त्राच्या भाषेत पक्का व्हायला १९५५ साल उजाडले, तेव्हा क्रॉनबॅक आणि मील यांचा प्रसिद्ध निबंध आला. १९८९ मध्ये सॅम्युएल मेसिक यांनी त्यात भर घातली, की परीक्षेचे समाजावर जे परिणाम होतात तेही तिच्या वैधतेचाच भाग धरले पाहिजेत. हिंगण्यात मात्र हा प्रश्न कोणत्याही सिद्धांताविना, समोर बसलेल्या मुलींकडे पाहून उभा राहिला होता.

स्वतःची प्रवेश परीक्षा

१९१५ च्या सुमारास कर्व्यांच्या हाती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. ते विद्यापीठ १९०१ पासून चालू होते आणि स्त्रियांना त्यांच्या भाषेत उच्च शिक्षण देत होते. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले. तिथल्या भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ उभे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक असलेले रा. गो. भांडारकर कुलपती झाले आणि रँग्लर परांजपे कुलगुरू.

विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा सुरू झाली. शिक्षणाचे आणि परीक्षेचे माध्यम मातृभाषा होते. इंग्रजी हा सक्तीचा विषय राहिला, पण इतर विषयांच्या उत्तरांवर तिचा अंमल उरला नाही. इंग्रजी येते का ते इंग्रजीच्या पेपरात पाहायचे, इतिहास येतो का ते इतिहासाच्या. अभ्यासक्रमात आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र यांना जागा मिळाली. घरी राहून अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेला बसता येई. पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेतून आलेल्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पदवीचे नावही देशी ठेवले, गृहीतागमा. त्यापुढची पदवी प्रदेयागमा.

यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. गांधीजींना इंग्रजी सक्तीची नको होती. कर्व्यांनी ती ठेवली, कारण बाहेरच्या जगातले ज्ञान त्या भाषेतून येत होते. उलट बाजूचे लोक म्हणत, की मुलींसाठी वेगळा आणि सोपा अभ्यासक्रम काढून तुम्ही त्यांना स्वयंपाकघरातच ठेवत आहात. या टीकेत तथ्य होते. विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे त्याच्या पदवीला सरकारी नोकरीच्या बाजारात फारशी किंमत नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयाची वाट तर मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमधूनच जात होती. परीक्षा विद्यार्थिनीला न्याय देणारी झाली, पण तिच्या पलीकडचे दरवाजे दुसऱ्याच परीक्षेची किल्ली मागत होते.

आणखी एक मर्यादा नोंदवली पाहिजे. आश्रमात सुरुवातीची अनेक वर्षे प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ पासून ज्या मुलींसाठी शाळा काढल्या आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी ज्या समाजासाठी प्राथमिक शिक्षण मागितले, त्यांतले बहुसंख्य लोक कर्व्यांच्या प्रवेश परीक्षेच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत. परीक्षेला बसलेल्यांची न्याय्यता आपण तपासू शकतो. जे बसलेच नाहीत त्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रात नसते. कर्व्यांना हे उत्तरायुष्यात जाणवले असावे. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि १९४४ मध्ये समता संघ.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. कर्व्यांनी सत्तरी ओलांडल्यावर जगप्रवास केला. ज्या टोकियोच्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून सगळे सुरू झाले, तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. एसएनडीटीला कायदेशीर विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. पहिल्या प्रवेश परीक्षेला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती आणि कर्वे ९३ वर्षांचे होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, त्यांचे निधन झाले.

वाशीमचा पेपर

आता आपल्या दारात या. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत वाशीमचे एक. जागा १००. वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. महाविद्यालय इथे आले याचा आनंद आहे. पण मानोरा, मालेगाव, रिसोडच्या मुलांना त्यात शिरायचे तर नीटमधूनच जावे लागते.

नीट भारतभरात १३ भाषांत होते, मराठीही त्यांत आहे. कर्व्यांचे म्हणणे सरकारने ऐकले असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात अकरावी-बारावी विज्ञानाचे शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेला मुलगा दोन वर्षांत इंग्रजी पारिभाषिक शब्द पाठ करतो. मग त्याला मराठी प्रश्नपत्रिका दिली तर ती त्यालाच परकी वाटते. शिवाय भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी प्रश्न प्रमाण मानला जातो. २०१८ मध्ये तमिळ प्रश्नपत्रिकेतल्या ४९ प्रश्नांच्या भाषांतरात चुका असल्याची तक्रार झाली. मद्रास उच्च न्यायालयाने प्रत्येकी ४ प्रमाणे १९६ गुण देण्याचा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पोहरादेवीच्या परिसरातल्या तांड्यांवर तर घरात गोरमाटी बोलली जाते. तिथल्या मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी.

परीक्षा रद्द करा, बारावीचे गुण धरा, असे काही जण म्हणतात. बारावीच्या परीक्षेतही कॉपी, वेगवेगळी मंडळे, वेगवेगळी तपासणी हे प्रश्न आहेत. मुलाखत ठेवा म्हणावे तर साताऱ्याच्या अध्यक्षांची नजर परत येते. एकच मोठी परीक्षा फसली तर काय होते, तेही आपण २०२४ मध्ये पाहिले. आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण, मग १,५६३ जणांचे वाढीव गुण रद्द आणि त्यांच्यासाठी फेरपरीक्षा, मग एका प्रश्नाच्या उत्तरावरून सुधारित निकाल आणि पूर्ण गुणवाले १७. एका प्रश्नाचे उत्तर बदलले म्हणून देशातले पहिल्या क्रमांकाचे मानकरी बदलले.

या परीक्षेतून चांगला डॉक्टर कळतो का? यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार आधीच्या शैक्षणिक गुणांवरून वैद्यकीय शिक्षणातल्या यशापयशातल्या फरकाचा सुमारे २३ टक्के भाग सांगता येतो, आणि पदवीनंतरच्या कामातल्या कौशल्यातल्या फरकाचा फक्त ६ टक्के. म्हणजे गुण निरुपयोगी नाहीत. अजिबात अभ्यास न झेपणाऱ्याला ते वेळीच ओळखतात. पण रात्री दोन वाजता सापाने चावलेल्या शेतमजुराच्या बायकोला धीर देत, तिला समजेल अशा वऱ्हाडीत काय झाले ते विचारणारा डॉक्टर कोणता, हे त्या आकड्यात येत नाही.

म्हणून या जिल्ह्यातल्या पालकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नीटचा गुण हा त्या दिवशीच्या त्या पेपराचा अहवाल आहे. त्यात ज्ञान आहे, सराव आहे, भाषा आहे, क्लासची फी आहे आणि थोडे नशीबही. अहवाल वाईट आला म्हणून मुलाला वाईट ठरवू नका. निकालानंतरच्या आठवड्यात ज्या मुलाची झोप उडते, जेवण सुटते, जो खोलीतून बाहेर येत नाही, त्याच्याशी बोला. मन हलके होत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन या, त्यासाठी पैसे लागत नाहीत. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवाही १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट शाळा-महाविद्यालये चालवणाऱ्यांसाठी. अकरावी-बारावीचे जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र मराठीतही नीट समजावून देणारे शिक्षक आणि पुस्तके तालुक्याच्या गावी असतील तर नीटच्या मराठी प्रश्नपत्रिकेला अर्थ येईल. तोवर ती फक्त यादीतली एक भाषा आहे. नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातून किती मुले आली, कोणत्या तालुक्यांतून, कोणत्या माध्यमातून, याची नोंद पहिल्या तुकडीपासून दरवर्षी ठेवावी. ती पुढे पाच वर्षांच्या निकालाशी ताडून पाहावी. प्रवेशाची परीक्षा कितपत खरी होती ते त्यातून कळेल, आणि तक्रार करायची झाली तर हातात आकडे असतील.